दुसऱ्यांदा पाजलेली

विदोसावा घरात शिरली की आधी बाळाकडे बघायची नाही. नाक कुणाचं, हनुवटी कुणाची, हे घरच्यांचं चघळून झालेलंच असायचं. ती हात धुऊन बाळंतिणीजवळ टेकायची आणि विचारायची, "तुझं काय?"

सर्बियाच्या दक्षिणेतल्या तीन गावांत ती एकतीस वर्षं नर्स म्हणून घरोघर हिंडत होती. बायका चक्रावायच्या.

"माझं? माझं काय असणार, सिस्टरबाई?"

"पाजताना पोटात कळ येते? येऊ दे. पिशवी आवळतेय, रक्त कमी जातंय. पोर पोट भरतं आणि वर आईची डागडुजी करतं, फुकटात."

ऑक्टोबरात ती स्तामेनाकडे गेली, तेव्हा अंगणात भाजलेल्या लाल ढोबळ्या मिरच्यांचा धूर कोंडला होता. स्तामेनाची सून गोर्दाना आत तापाने फणफणलेली. एका बाजूची छाती दगडासारखी, लालभडक, वर कोबीची पानं बांधलेली. तीन महिन्यांच्या लुकाने बाटली ढकलून भोकाड पसरलं होतं.

"पाजणं कधी बंद केलं?"

"परवा. मीच करायला लावलं," स्तामेना मिरच्या सोलून माखलेली बोटं पुसत आत आली. "पोरीचं चिपाड झालंय बघा. हा लबाड आईला चोखून संपवणार."

"तो कुठला संपवतोय! तुमचं पातळ सूप संपवतंय. तिला एक ताट जास्त वाढा, काकू. पाजणाऱ्या बाईला पुढे छातीच्या, अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका कमी असतो, मधुमेहाचाही. जात नाही, पण कमी होतो. जितके महिने जास्त, तितका कमी. ते पुढचं. आत्ता हे दूध साचून पू झाला, तर चिरावं लागेल. औषधाचं मी डॉक्टरांना विचारते, ते घेऊनही पाजता येतं. द्या त्याला तिच्याकडे."

गोर्दानाने हात पुढे केले. स्तामेनाने नातवाला उचलून छातीशी धरलं.

"एकदा सोडवलेलं पोर परत अंगावर घेत नाहीत. नजर लागते त्याची. गाईकडे बघितलं तर गाय आटते. लोक दारं लावतील याच्या तोंडावर!"

"आई, मला सोसवत नाहीये हो," गोर्दाना म्हणाली.

लोक दारं लावतात हे विदोसावाला ठाऊक होतं. सात वर्षांची असताना आईने तिला एक गोष्ट सांगून वर बजावलं होतं, कुणापाशी बोलू नकोस. पन्नास वर्षं ती बोलली नव्हती. बोलली असती, तर कुणी तिला बाळंतिणीच्या खोलीत पाय ठेवू दिला असता?

तिने गोर्दानाच्या छातीवरची पानं काढून बाजूला ठेवली.

"मी दुसऱ्यांदा पाजलेली आहे, काकू."

स्तामेना एक पाऊल मागे सरली. "तुम्ही?"

"आईला असाच ताप भरला होता. मला परत लावलं, गाठ उतरली. हिच्या नवऱ्याचं, तुमच्या मिलेनचं, पहिलं वजन कुणी केलं?"

"तुम्हीच."

"वाळला?"

"वाळतोय कसला! डोकं चौकटीला आपटतं मेल्याचं."

"आणि गाय?"

स्तामेना नातवावर तीनदा थू थू थुंकली, खिशातून लाल दोरा काढून त्याच्या मनगटाला बांधला आणि मग त्याला सुनेच्या मांडीवर दिलं.

"पण तुम्ही भिंतीकडे तोंड करा."

विदोसावाने केलं. मागे गोर्दाना आधी कळवळली, मग हळूहळू गप्प झाली. घटाघटा आवाज येऊ लागला.

"याला काय दुष्काळ पडला होता का!" स्तामेना म्हणाली.

रविवारपर्यंत तिन्ही गावांना कळलं. सोमवारी विदोसावा पुढच्या बाळंतिणीच्या दाराशी जराशी थबकली. दार उघडंच होतं. आत बाळाच्या दोन्ही मनगटांना लाल दोरे होते.

"या सिस्टरबाई," बाळंतीण घाईघाईने म्हणाली, "पण आधी माझ्याकडे बघा हं, त्याच्याकडे नको."

विदोसावा हात धुवायला गेली.