बिबड्यांची राखण

शहाद्याला आमच्या नाटकाची तालीम चालायची, तेव्हा दिग्दर्शकांचा एकच हेका असायचा. "नुसतं रडू नका. समोरच्याकडून काय हवंय ते ठरवा आणि मिळेपर्यंत युक्त्या बदला. गोंजारा, धमकवा, लाजवा!" मी मुलीला घराबाहेर जाऊ न देणारा बाप करत होतो, आणि तीन आठवडे ती पोरगी माझ्या एकाही युक्तीला भीक घालत नव्हती.

त्यात एका रविवारी आईने गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत घातले आणि कावळे हाकायला मला बसवलं. तालमीला सुटायचं म्हणून मी शिकलेलं सगळं तिच्यावर वापरलं. स्तुती केली, रुसलो, नाटक पडेल म्हणून घाबरवलं. ती शांतपणे म्हणाली, "जाय ना भाऊ. मी चढसू गच्चीवर. मन्हा गुडघा दुखस ते दुखू दे."

मी कावळे हाकायची काठी उचलली.

तासाभराने दिग्दर्शक स्वतःच तणतणत मला न्यायला आले. मला हायसं वाटलं. आता हिला खरा जाणकार भेटला! आईने त्यांच्या हातात बिबड्यांच्या शिजवलेल्या पिठाची, उरलेल्या गरम घाट्याची वाटी दिली, वर तेलाची धार सोडली आणि म्हणाली, "सर, तुमना आवाज केवढा भारी शे! एकदाव कावळासवर वरडी दखाडा ना."

सर ओरडले. गल्लीतले सगळे कावळे उडाले. आई डोळे विस्फारून बघत राहिली, म्हणून सर पुन्हा ओरडले.

मी तालमीला पोचलो. त्या दिवशी फक्त दिग्दर्शक गैरहजर होते.