तांब्याच्या थरातलं लोखंड

प्रयोगशाळेत तिला सगळे मावशी म्हणत. वय त्रेपन्न, काम धातूंचे थर चढवण्याचं. हवा उपसलेल्या पोलादी पेटीत काचेच्या चकतीवर आधी कोबाल्ट, वर तांबं, पुन्हा कोबाल्ट. एकेक थर इतका पातळ की त्यापुढे केस म्हणजे तुळई. मधला तांब्याचा थर जरा जाड झाला की चुंबकत्वाचा नूर पालटतो, हे तिला सत्तावीस वर्षांच्या सरावानं ठाऊक होतं. विभागप्रमुखांना ते पुस्तकातून ठाऊक होतं, म्हणून मान त्यांना होता.

एकदा नुसत्या तांब्या-चांदीच्या थरांत चुंबकत्व दिसलं. जिथे ते औषधालाही सापडू नये, तिथे! प्रमुखांना आभाळ ठेंगणं झालं. लेख गेला, परिषदेचं आमंत्रण आलं, नवा कोट शिवून झाला.

मावशीनं चकत्या भिंगाखाली पाहिल्या. प्रत्येकीच्या कडेला बारीक ओरखडा होता. प्रमुख चकत्या पोलादी चिमट्यानं उचलत. प्लास्टिकचा चिमटा त्यांना पोरखेळ वाटे. पोलादातलं लोखंड कडेला लागतंय, असं तिनं त्यांच्या कानावर घातलं.

"बाई, तुम्ही थर चढवा," ते म्हणाले. "विचार करायला आम्ही आहोत."

ती भांडली नाही. तिनं एक कोरी काच घेतली, जिच्यावर धातूचा कणही नव्हता. कडेवर तोच चिमटा चार वेळा दाबला आणि काच मोजणीला दिली. कोऱ्या काचेत प्रमुखांचं चुंबकत्व जसंच्या तसं उतरलं. आलेख तिनं त्यांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी तो पाहिला आणि पालथा घातला. मग हळूच विचारलं, "हे कुणी पाहिलंय?"

"मोजणाऱ्यानं. आणि चहाच्या वेळी बाकी सगळ्यांनी."

लेख मुकाट्यानं मागे घेतला गेला. आमंत्रण मात्र त्यांनी सोडलं नाही. परिषदेत ते 'मोजणीतली सावधगिरी' या विषयावर तासभर बोलले आणि टाळ्या घेऊन आले. आभारात यंत्र बनवणाऱ्या कंपनीचंही नाव होतं. मावशीच्या वाट्याला 'तांत्रिक साहाय्य' हे दोन शब्द आले.

घरी नवऱ्यानं विचारलं, वाईट वाटलं का? वाटलं होतं, पण तसं म्हणायचा तिचा स्वभाव नव्हता.

"व्याख्यान चांगलं झालं म्हणे," ती म्हणाली. "आता निदान स्वतः दिलेला सल्ला तरी ऐकतील."