बरक्याहून मुसन्नाला, असंच

बाबांच्या सायकलच्या कॅरिअरवर पत्र्याची ट्रंक बांधलेली असायची. आत खारी, टोस्ट, बटर, नानकटाई. चिपळूणच्या पलीकडच्या वाड्यांवर ते फेरीला जायचे. आमच्याकडचा रस्ता म्हणजे चढ नाहीतर उतार. चढाला माणूस सायकल ढकलतो, उताराला ट्रंकेच्या वजनानं सायकल माणसाला ढकलते. ट्रंकेच्या तळाशी जो चुरा उरायचा तो रात्री कोऱ्या चहात भिजवून आम्ही खायचो. तेच जेवण. शेजारच्या बायकांना वाटायचं, यांची चैन आहे, रोज बेकरीचं खातात. आईनं त्यांचा तो समज कधी मोडला नाही.

त्या सायकलला आम्ही पोरींनी हात लावायचा नाही. "पोटाची आहे ती," बाबा म्हणायचे. पडली, रिंग वाकली, तर चूल पेटायची नाही, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. मी शाळेत चालत गेले, कॉलेजात चालत गेले, बी.एस्सी. झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे कुणी विचारलं नाही तरी सांगते, कारण सांगायला मला आवडतं.

आता मी मस्कतला पाणी तपासायच्या एका लॅबमध्ये आहे. राहायला अल् घुब्राला, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. सायकल शिकले ती चाळिशी उलटल्यावर, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, मुलीच्या सायकलवर. ती मागून ओरडायची, "आई, डोन्ट लुक डाउन, समोर... समोर बघ ना." दोन्ही गुडघे फुटले, पण आली.

गेल्या हिवाळ्यात बाबा महिनाभर राहायला आले आणि माझ्या मनानं एकच घेतलं. मस्कतच्या पुढच्या बरक्याहून मुसन्नाला समुद्राच्या कडेकडेनं सायकलनं जायचं, पुरती वाट, बाबांच्या देखत. मला सायकल येते हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर दिवसभर चालवायला जमेल का, हे मलाही माहीत नव्हतं.

"तिकडं काय आहे?" बाबांनी विचारलं.

"खजुराच्या बागा. समुद्र."

"काम काय आपलं?"

"काम नाही. असंच."

"असंच?" त्यांनी जावयाकडे बघितलं. "माल नाही, गिऱ्हाईक नाही, आणि दिवसभर सायकल मारायची. जावईबापू, ही बरी आहे ना?"

नवऱ्यानं मित्राची पिकअप आणली, दोन सायकली मागे टाकल्या आणि सकाळी आम्हाला बरक्याला उतरवलं. संध्याकाळी तो मुसन्नाच्या किनाऱ्यावर भेटणार होता. मध्ये लागलं तर फोन.

हायवे सोडून आत शिरलं की गावातला छोटा रस्ता लागतो. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला भिंतींमागून डोकावणारी खजुराची झाडं, आणि फार लांब निळे डोंगर, जे दिवसभर तेवढेच लांब राहतात. जमीन परातीसारखी सपाट. बाबा पुढे, मी मागे. बराच वेळ गेला तसे ते मान वळवून म्हणाले, "चढ कधी येणार गो?"

"येणारच नाही, बाबा."

"मुसन्नापर्यंत?"

"मुसन्नापर्यंत."

त्यांनी पुढचा सपाट रस्ता एकदा बघून घेतला. मग म्हणाले, "म्हणजे इथल्या खारीवाल्याची मजा आहे."

सायकलवरची वयस्क माणसं बघायची इथे कुणाला सवय नाही. एखादी अनोळखी पिकअप शेजारी येऊन हळू व्हायची, काच खाली व्हायची, "मुश्किला?" म्हणजे काही अडचण आहे का. बाबांना हा शब्द ऐकताक्षणी कळला. "मुश्किल नाही," ते मराठीत सांगायचे, आणि समोरच्यालाही ते कळायचं.

मग ते घंटीचं झालं. बाबांनी एका हिरव्या लोखंडी गेटापाशी सायकल थांबवली, एक पाय टेकला आणि घंटी वाजवली. तीनदा. मी म्हटलं, "बाबा, काय करताय?" त्यांनी घंटीवरचा हात झटकन काढला. हात आपोआप गेला होता. जन्मभर गेट दिसलं की घंटी.

आम्ही सटकणार तेवढ्यात गेट उघडलं. एक म्हातारे गृहस्थ, कमरेला आपल्या लुंगीसारखंच वस्त्र, वर बनियन. त्यांना वाटलं कुणी काही पोचवायला आलंय. "क्या लाया?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"कुछ नहीं लाया," बाबा म्हणाले. "ऐसेच आया."

"ऐसेच?" म्हाताऱ्यांनी दोघांना, दोन्ही सायकलींना नीट न्याहाळलं. मग गेट सताड उघडलं. "तफद्दल." या, आत या.

आत गेलो तर बागेत काम चालू होतं. एक माणूस कमरेला दोर लावून खजुरावर चढला होता आणि पांढऱ्या फुलांच्या काड्या दुसऱ्या फुलोऱ्यात खोचत होता. बाबांनी विचारलं, हे काय. म्हाताऱ्यांनी समजावलं: हे झाड औरत, ते कोपऱ्यातलं मर्द. मर्दाचं फूल आणून बांधलं नाही तर खजूर धरत नाही.

"पपईसारखं," बाबा मला म्हणाले. मग त्यांना, "मर्द कितने?"

"थोड़े. पूरे बाग में थोड़े बस."

"हमारे उधर बहोत हैं. सब बिनकाम के."

म्हातारे एवढे हसले की वरच्या माणसानं काम थांबवून खाली बघितलं.

मला वेगळीच उत्सुकता होती. माझ्या टेबलावर या पट्ट्यातल्या विहिरींच्या पाण्याच्या बाटल्या येतात. बाटलीवर गावाचं नाव असतं. मी खारटपणा मोजते, आकडा टाकते, बाटली ओतून देते. इतक्या वर्षांत ते पाणी कुठल्या झाडाला जातं हे बघितलं नव्हतं. पाटातलं पाणी बोटानं जिभेला लावलं. खारट होतं. "पहले मीठा था," म्हातारे म्हणाले, "अब समुंदर अंदर आता है." समुद्राकडच्या बाजूची झाडं त्यांनी दाखवली. शेंडे वाळलेले, झावळ्या खाली लोंबलेल्या. तर आकडा मोठा आला की झाड असं दिसतं. मी एकेका झाडापाशी जाऊन बघत राहिले आणि बाबा चटईवर बसून कॉफी पीत राहिले. कप हलवला नाही तर इथे पुन्हा भरतात, हे त्यांना माहीत नव्हतं. आणि दिलेलं उरवायचं नाही, ही आमच्या घरची रीत. किती प्याले कोण जाणे.

एकदा चटक लागल्यावर मग बाबा मुद्दामच घंटी वाजवायला लागले. एके ठिकाणी लिंबं मिळाली, एके ठिकाणी कुत्रं मागे लागलं. मजा होती, पण दुपार झाली तरी आम्ही जेमतेम निम्म्यावर. आणि समोरून वारा सुटला. सपाटीला चढ नसतो, वारा असतो, हे मला तेव्हा कळलं. मांड्या भरून आल्या, हँडल डगमगायला लागलं. बाबाही दमले होते. मी फोन केला.

नवरा आला, आमची तोंडं बघितली. "यल्ला, चला, खलास. दोन्ही सायकली मागे टाकू, मुसन्नाला जाऊन मासे खाऊ."

बाबांनी सायकल लगेच त्याच्या हातात दिली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही सोडली?"

"मग? मी उभा जन्म चालवली. मला कुणाला दाखवायचंय?" त्यांनी एसीची जाळी स्वतःकडे वळवली. "तू बस. नाहीतर चालव. तुझं तू बघ."

मी सायकलची दांडी धरून उभी राहिले. गाडीत बसले असते तर कुणी काही म्हटलं नसतं, हेच वाईट होतं.

"मी येते चालवत," मी म्हटलं.

"एवढ्या वाऱ्यात?" नवरा म्हणाला.

"जाऊ दे तिला," बाबा म्हणाले. "जावईबापू, तुम्ही मागून हळूहळू घ्या."

तशी गाडी माझ्या मागे. बाबांनी काच खाली केली आणि डोकं बाहेर काढलं. "मान खाली घाल, वारा डोक्यावरून जाऊ दे." थोड्या वेळानं, "दोन्ही ब्रेक एकदम दाबू नको गो." मग, "अशानं गिऱ्हाईक उठून जाईल." मी मान खाली घालून पायडल मारत होते. दोनदा थांबले, पाणी प्यायले. दोन्ही वेळा गाडीचं दार कुणी उघडलं नाही. नंतर बाबांनी डोकं आत घेतलं. मागून फक्त इंजिनाचा आवाज.

मासळीच्या होड्या ओढून ठेवलेला किनारा दिसला तेव्हा ऊन उतरलेलं होतं. वाळू लागली तशी मी सायकल आडवी केली आणि तिच्या शेजारी बसले. बाबा गाडीतून उतरले, सायकल उभी केली, चाक फिरवून बघितलं, चेन बघितली.

"सरळ चालवतेस," ते म्हणाले.

बरक्यापासून मुसन्नापर्यंतची सगळी वाट मी सायकलनं केली, आणि माझ्या वडिलांनी ती बघितली.