पेशंटच्या तुम्ही कोण?

हा प्रश्न मला कोल्हापुरातल्या आठ-दहा दवाखान्यांत तरी विचारला गेला असेल. मी ना डॉक्टर, ना नर्स, ना नात्यातली. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवणारी बाई. माझे यजमान मूत्रपिंडाच्या आजारानं दोन वर्षं अंथरुणाला होते. त्या काळात मी केसपेपर वाचायला शिकले, कुठल्या खिडकीवर काय विचारायचं ते शिकले, आणि डॉक्टर खुर्चीतून उठायच्या आत तीन प्रश्न कसे विचारून घ्यायचे तेही शिकले. यजमान गेले, शिकलेलं राहिलं. मग ओळखीपाळखीतलं कुणी ना कुणी येऊ लागलं. बाई, जरा आमच्याबरोबर चला, तिथं गेल्यावर आमच्या तोंडून शब्द फुटत नाही. मी जात असे.

त्यातल्या एकाच माणसाची गोष्ट सांगते, कारण ती आठवली की अजून माझं डोकं तापतं.

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. आमच्या शाळेत शिपाई म्हणून एक मावशी होत्या. त्यांचे मालक, म्हणजे नवरा, कबनूरला यंत्रमागावर कामाला होते, सुट्टीच्या दिवशी तेवढे घरी यायचे. त्यांना खोकल्यानं धरलं, अंग वाळत गेलं, छातीच्या फोटोत डाग निघाला. क्षय. काम सोडून ते मावशींकडे येऊन राहिले आणि रोज सकाळी दवाखान्यात जाऊन सुई टोचून घेऊ लागले. दवाखाना कुठला ते सांगण्यात आता अर्थ नाही. सुईनं गुण आला. खोकला कमी झाला, भूक लागायला लागली, मावशी शाळेत हसून बोलू लागल्या.

दीड-दोन महिन्यांनी त्या पुन्हा गप्प झाल्या. एका मधल्या सुट्टीत माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाल्या, मालकांना दारूचा नाद लागलाय, रस्त्यानं झोकांड्या खात येतात, गल्लीतली माणसं हसतात. मी सहामाहीचे पेपर तपासत होते. तोंडाला वास येतो का, एवढं एक विचारायला हवं होतं. मी म्हटलं, समजावून सांगा, आणि पुढचा पेपर ओढला. त्यानंतर तीन आठवडे मी त्या विषयाची आठवणही काढली नाही.

मग एके दिवशी त्या उशिरा आल्या. मालक न्हाणीत पडले होते, कपाळाला टाके घालावे लागले होते. मावशी म्हणाल्या, "न्हाणीत कुठली दारू, बाई? तोंडाला साबण लावला, डोळं मिटलं आन् आडवंच झालं की."

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. मी बोलत होते आणि ते माझ्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघत होते. कानात सारखं रातकिड्यासारखं वाजतं म्हणाले. अंधार पडला की भिंत धरल्याशिवाय चालता येत नाही. दारूला आपण शिवलोसुद्धा नाही, हे त्यांनी बायकोकडे न बघता, भिंतीकडे तोंड करून सांगितलं. महिनाभर मावशी त्यांच्याशी धड बोलल्या नव्हत्या. त्या उठून चुलीपाशी गेल्या आणि बराच वेळ तिथंच बसून राहिल्या.

काही औषधं कानाला आणि तोलाला लागतात, हे यजमानांच्या आजारात मी ऐकलं होतं. मी सगळं वहीत लिहून घेतलं. सुई कधी सुरू झाली, कानात कधीपासून वाजतं, पहिल्यांदा तोल कुठं गेला. दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी रजा काढून त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी वही हातात घेतली नाही. मी पेशंटची कोण, ते आधी विचारलं. मग म्हणाले, मागावर काम करणाऱ्या माणसांना कमीच ऐकू येतं, आणि अशक्तपणानं चक्कर येते. तरीही त्यांनी मावशींच्या मालकांकडे वळून मोठ्यानं विचारलं, "काय त्रास होतोय का?"

आणि मालक हात जोडून म्हणाले, "न्हाय साहेब. बरं हाय."

मला वाटलं, प्रश्न ऐकू आला नसेल. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा तेच उत्तर दिलं, वर हसले. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढच्याला आत बोलावलं. मालक सुईच्या खोलीत गेले आणि त्या दिवशीची सुई टोचून घेऊन आले.

बाहेर आल्यावर मी भर रस्त्यात त्यांच्यावर ओरडले. ज्यांच्यासाठी मी बोलणी खाल्ली, त्यांनीच मला खोटं पाडलं होतं. ते खाली मान घालून उभे होते. मग म्हणाले, "माझा थोरला भाऊ ह्याच रोगानं गेला, बाई. त्याला सुई मिळालीच न्हाय. साहेब रागावलं आन् सुई बंद केली तर?"

 हे ऐकूनही माझा राग गेला नाही.

सुई बंद करा असं सांगायचा मला अधिकार नव्हता. दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेले, तर ते म्हणाले, दुसऱ्याच्या पेशंटमध्ये मी पडत नाही. पुढच्या आठवड्यात मी मालकांबरोबर पुन्हा दवाखान्यात गेले, तेव्हा सुया देणाऱ्या वयस्कर नर्सनं मला खुणेनं बाजूला बोलावलं. हळू आवाजात म्हणाली, असं बोलून काही व्हायचं नाही, त्यांना साहेबांच्या समोर पाय जुळवून, डोळे मिटून उभं करा. म्हणजे हे सुईनंच होतंय, हे तिला कळलं होतं. किती दिवसांपासून, असं मी विचारलं. ती म्हणाली, मला नोकरी करायची आहे.

मी आत गेले आणि कुणाला काही न विचारता मावशींच्या मालकांना टेबलासमोर उभं केलं. त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, दादा, पाय जुळवा आणि डोळे मिटा. त्यांनी मिटले. क्षणभर उभे राहिले आणि कलले. मी एका बाजूला होते, ते दुसऱ्या बाजूला गेले. डॉक्टरांनीच उठून त्यांना धरलं.

 डॉक्टरांनी केसपेपर पुढं ओढला, सुईवर काट मारली, खाली दुसऱ्या गोळ्या लिहिल्या. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मालकांना मात्र, पायरी जपून उतरा, असं म्हणाले.

गोळ्यांचा कोर्स पुरा झाला. नंतरच्या फोटोत छाती साफ निघाली. शाळेतल्या बायका म्हणाल्या, बाई, तुम्ही माणूस वाचवलात. मला ते ऐकवत नसे. कान परत आले नाहीत, तोल थोडासाच आला. मागांच्या फिरत्या पट्ट्यांमधून चालायचं म्हणजे पाय पक्का हवा. मागावर त्यांना पुन्हा कुणी घेतलं नाही. कबनूरलाच एका कारखान्यात बसून कापडाच्या घड्या घालायचं काम मिळालं. वाया गेलेले ते आठवडे मी मनात किती वेळा मोजले असतील. डॉक्टरांचे, नर्सचे, त्यांचे स्वतःचे, आणि पेपर तपासण्यात गेलेले माझे तीन.

वर्षभरानं ते एकदा मावशींना न्यायला शाळेत आले. मावशींनी त्यांचा दंड धरला होता. मला वर्गात शिकवताना बघून ते व्हरांड्यातूनच बोलू लागले, आपला आवाज केवढा चढलाय हे न कळता. तब्येत बरी हाय, काम बरं हाय, तुमचं उपकार हाईत. वर्गातल्या मुली फिसकन हसल्या. मी त्यांना गप्प केलं आणि धडा पुढं चालू केला. खरं तर पुस्तक मिटून त्या माणसाबद्दल मुलींना दोन शब्द सांगायला हवे होते. ते मी सांगितले नाहीत.