पहिली फेरी टायरची

फोन आला तेव्हा मी करोल बागेत, गाड्यांच्या सामानाच्या गल्लीत उभी होते आणि माझ्या हातात लाडवाएवढा काळा रबराचा तुकडा होता. सायमनकाकांनीच पाठवलं होतं मला. "जितका कडक मिळेल तितका घे, माधवी. दुकानदार म्हणेल, 'मॅडम, ये तो ट्रक का है.' तरी तोच घे." दुकानदार अगदी तसंच म्हणाला, मला हसू फुटलं, आणि तेवढ्यात रूथकाकूंचा फोन. "काका गेले गं... पेपर वाचता वाचता मान कलली." गल्लीत कुठेतरी हॉर्न तपासत होते, त्या गोंगाटात मी दोनदा "काय?" म्हणाले. दुसऱ्यांदा का म्हणाले कोण जाणे, ऐकू तर पहिल्यांदाच आलं होतं. रबर पर्समध्ये टाकलं आणि मेट्रोनं फरीदाबादला परतले. त्याला आता दीड महिना झाला.

सायमन गायकवाड मूळचे नगरचे. चाळीस वर्षांपूर्वी फरीदाबादच्या एका टायर कारखान्यात, चाचणी विभागात लागले आणि इथलेच झाले. आमच्या सेक्टरमध्ये मराठी घरं मोजकीच, त्यामुळे त्यांच्या नाताळच्या करंज्या आमच्याकडे आणि आईच्या पुरणपोळ्या त्यांच्याकडे, हे माझ्या फ्रॉकच्या वयापासूनचं. कुठलीही उभी गाडी दिसली की हा माणूस वाकून टायरला हात लावायचा, तोही उलटा, आपण पोराचा ताप बघतो तसा. एकदा लग्नात नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीपुढे बसकण मारली! काकू लाजेनं अर्ध्या झाल्या. "अहो, लोक काय म्हणतील?" "म्हणू देत. हवा कमी आहे," काका म्हणाले, आणि हवा खरंच कमी निघाली. वरातीआधी ती भरून आणली, तेव्हा कुठे त्यांनी जेवणाचं ताट घेतलं.

निवृत्त झाल्यावर मुलानं त्यांना शर्यतीच्या गाड्यांचा सिम्युलेटर पाठवला. पडद्यावर रस्ता, हातात खरं वाटावं असं स्टिअरिंग, पायाशी पेडलं. काकांनी भंगारातून एका गाडीची सीट आणली, वेल्डरकडून लोखंडी चौकट करून घेतली आणि मागच्या खोलीत संसार मांडला. "म्हातारपणी व्हिडिओ गेम, वा!" म्हणून चेष्टा करणाऱ्यांत मी पहिली. त्या सीटवर पुढे माझाच नंबर लागणार आहे हे मला काय ठाऊक!

त्याचं झालं असं. सहा वर्षांपूर्वी गुडगावहून येताना, ओल्या रस्त्यावर, वळणातच समोर कुत्रं आलं आणि मी ब्रेकवर अक्षरशः उभी राहिले. आमची गाडी जुनी. चाकं जाम झाली. मी स्टिअरिंग फिरवतेय, फिरवतेय, आणि गाडी आपली सरळ दुभाजकावर. शेजारी आई होती. तिचं उजवं मनगट मोडलं. पुढे ते जुळलं, पण जरा वाकडंच. आई त्याबद्दल मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं असं मला कितीदा वाटलं. गाडी विकली, आणि मी पुन्हा स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं ठरवून टाकलं. आईला डॉक्टरकडे न्यायचं तरी कॅब, आणि त्या कॅबमध्येही मी मुठी आवळून बसणार.

चार वर्षं काकांनी हे पाहिलं. मग एका रविवारी मला मागच्या खोलीत नेऊन म्हणाले, "बस. इथे आदळलीस तर फक्त माझी इज्जत जाईल." पहिल्या दिवशी यंत्रातल्या सगळ्या मदती चालू होत्या. ब्रेक कितीही दाबा, एबीएस चाकं जाम होऊ देत नव्हतं. ॲक्सिलरेटर कितीही तुडवा, ट्रॅक्शन कंट्रोल चाकं फुकट फिरू देत नव्हतं. गाडीची शेपूट सरकली की तीही आपोआप सावरली जायची. माझी गाडी शहाण्या मुलीसारखी धावली आणि मी फुशारले. मग काका दर महिन्याला एकेक मदत काढून घेऊ लागले. एबीएस काढलं आणि पहिल्याच वळणावर तेच... तसंच सरळ, तसंच स्टिअरिंग फिरतंय आणि गाडी ऐकत नाही. मी रडायलाच लागले. काका शांतपणे म्हणाले, "टायरकडे भाकरी एकच असते, माधवी. सगळी ब्रेकला वाढलीस, तर वळणाला काय देशील? आधी ब्रेक, मग तो सोडत सोडत वळण." एवढं साधं! चार वर्षं मी स्वतःला वाईट मुलगी समजत होते, आणि चूक होती ती भाकरी वाटण्याची. त्या दिवशी मी चाळीस वेळा आदळले आणि एकेचाळिसाव्यांदा वळले. काकूंनी टाळ्या वाजवल्या.

त्यांचा एक नियम मात्र मोडायची सोय नव्हती. पहिली फेरी टायरची. पडद्याच्या कोपऱ्यात चार छोटे टायर दिसायचे, थंड असले की निळे, तापून पकड आली की हिरवे. निळे असताना मी घाई केली तर काका सरळ स्विच बंद करायचे. "त्याला आधी जागं होऊ दे. जाग येण्याआधी कुणाला कामाला जुंपतात का?"

पुढे मी गाडी घेतली, तीही त्यांनीच निवडली, सगळ्या मदती असलेली. मला जरा ओशाळंच वाटलं. "खोलीत सगळं बंद आणि रस्त्यावर सगळं चालू? मग शिकले कशाला?" "मदत घेण्यात कमीपणा नसतो," ते म्हणाले. "ती चालू आहे हे विसरू नकोस, बस्स." मी एकटी ऑफिसला जाऊ लागले. पण आईला शेजारी बसवायचं म्हटलं की हात गार पडायचे. मी फोन काढायची. कॅब यायची. काकांना हे दिसत होतं. "बसवशील," एवढंच म्हणायचे. "टायर अजून निळा आहे."

आणि आता जे सांगायचं ते सांगताना मला माझीच लाज वाटते. गेल्या हिवाळ्यात काका स्वतः चालवत होते आणि मी मागे उभी होते. पडद्यावर एबीएसचा दिवा लुकलुकला. मी ओरडले, "काका! चीटिंग? तुम्ही एबीएस लावून?" ते हसले, पण जरा उशिरा. फेरी अर्धी सोडून उठले, म्हणाले, "चलो, चहा पिऊ." मी गल्लीभर सांगत सुटले, गुरुजी पकडले गेले म्हणून. ते गेल्यावर आठवड्याभरानं काकू म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, शुगरनं त्यांचा उजवा पाय बधिर झाला होता. पेडल कळायचंच नाही. खरी गाडी त्यांनी तेव्हाच सोडली. म्हणून तर यंत्राच्या ब्रेकमागे बसवायला तुला ते रबर आणायला सांगितलं... कडक असलं तर मांडीला तरी जोर कळेल म्हणत होते."

मी मागच्या खोलीत गेले. पाना तिथेच, त्यांच्या डब्यात होता. ब्रेकच्या पेडलमागची स्प्रिंग काढून ते रबर बसवलं, आणि यंत्र सुरू केलं. पडद्यावर त्यांच्या नावापुढे सगळ्या मदती चालू. एकही बंद नाही. माझी एकेक बंद करत होते, त्याच महिन्यांत हा माणूस स्वतःची एकेक चालू करत होता, आणि रोज सकाळी तरीही बसत होता. मी पेडल दाबलं. ट्रकचंच ते, मांडी भरून आली. "सॉरी, काका," मी मोठ्यानं म्हणाले. बाहेर काकू पोळ्या लाटत होत्या, त्यांनी ऐकलं असणार.

गेल्या रविवारी चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना होती. काकूंना न्यायचं होतं, आई तर तासभर आधीच तयार होऊन बसली होती. मी फोनवर कॅब बोलावली, आणि मग रद्द केली. "मी काढते गाडी," म्हणाले. काकू मागे बसल्या. आईनं पुढचं दार उघडलं, पण बसली नाही. दाराला धरून हळूहळू वाकली, आणि आपला तो वाकड्या मनगटाचा हात उलटा करून टायरवर ठेवला.

"गार आहे गं," म्हणाली. "सावकाश घे." आणि माझ्या शेजारी येऊन बसली.