वहीत न आलेल्या पकडी

आमच्या मंडळाच्या मुलींच्या कबड्डी संघाचा बचाव त्या वर्षी पार ढेपाळला होता. समोरची मुलगी चढाईला यायची, दोघींना हात लावायची आणि फिरायला आल्यासारखी परत जायची. अमरावतीत आमच्याच मैदानावर आम्ही लागोपाठ तीन सामने हरलो. पुढे अकोल्याची स्पर्धा होती. बारा मुली न्यायच्या होत्या, अकरा नावं ठरली होती. बारावं नाव डाव्या कोपऱ्याचं, आणि तिथे आमची गाडी अडली.

ठरवणारे आम्ही तिघं. आमचे प्रशिक्षक सर, बडनेऱ्याहून स्कूटरवर येणारे रेल्वेतले निवृत्त काका, आणि मी. मी शाळेत खेळाची शिक्षिका. तरुणपणी स्वतः डाव्या कोपऱ्यात खेळलेली, आणि नऊ वर्षांपासून मंडळाची वही लिहिणारी. कोणत्या मुलीनं किती चढाया केल्या, किती पकडी केल्या, सगळं त्या वहीत. त्या वहीचा मला फार तोरा होता, हे आधीच सांगून टाकते.

पकड लिहिण्याचा आमचा एक नियम होता, तोही माझाच. चढाई करणारीला खाली पाडलं की चार-पाच जणी तिच्या अंगावर पडतात. त्या ढिगाऱ्यात पकड नेमकी कोणाची, यावरून मुलींची भांडणं व्हायची, अगदी आयांपर्यंत जायची. म्हणून मी ठरवलं, शिट्टी वाजली की जिनं पकडलं तिनं हात वर करायचा. जिचा हात वर, तिच्या नावावर पकड. भांडणं मिटली. सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

डाव्या कोपऱ्यात खेळणारी बार्शीटाकळीची एक मुलगी मात्र हात वर करायची नाही. अठरा वर्षांची, हडकुळी, बडनेऱ्यात मावशीकडे राहून सरावाला यायची. चढाई करणारीचा घोटा सर्वांत आधी तिच्या हातात सापडायचा. मग बाकीच्या झेपावायच्या. शिट्टी वाजायची तेव्हा ही सगळ्यांच्या खाली असायची, दोन्ही हात अजून घोट्यावर. बाहेर निघाली की पडलेल्या मुलीला उठवायची, तिच्या अंगावरची माती झटकायची. तोवर वरच्या कोणाचा तरी हात वर गेलेला असायचा आणि मी लिहून मोकळी झालेली असायचे.

मला दिसत होतं. कोपऱ्यात खेळलेल्या बाईला ते दिसणार नाही तर कोणाला दिसणार? पण नियम म्हणजे नियम.

त्या दुपारी मैदानाच्या कडेच्या कडुनिंबाखाली सरांनी वही उघडली. "चार सामन्यांत दोन पकडी. इले नेऊन अकोल्यात मी काय करू?"

काका उखडले. "ते कोपऱ्यात उभी असली का बाजूच्या पोट्टीच्या पकडी काहून वाढतात, हे पाहा ना सर! पाय हे धरते, बाकीच्या नुसत्या उड्या मारून राहिल्या."

"मग वहीत काहून नाही?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमी सांगा."

आठवडाभर आधीच ती मला म्हणाली होती, "मॅडम, अकोल्यात खेळली तरच बाबा मले इथं ठेवतील. नाही तर वापस बोलावून घेतील." हे सगळं मला माहीत होतं. पण वही चुकीची आहे म्हटलं असतं तर नऊ वर्षांच्या निवडी चुकीच्या ठरल्या असत्या, आणि त्यासोबत मीही. मी म्हणाले, "वहीत आहे ते आहे."

काका चहा अर्धा ठेवून उठले.

यादी मंडळाच्या दारावर लावली. तिनं ती दोनदा वाचली, मग माझ्याकडे आली. "मॅडम, नाव लिवायचं राहून गेलं का?" मी नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिनं मंडळाचे गुडघ्याचे पट्टे धुऊन, घडी करून आणून दिले. त्यानंतर ती आली नाही.

अकोल्यात आम्ही पहिलाच सामना हरलो. डाव्या कोपऱ्यातून समोरच्या मुली येत-जात राहिल्या. मी कडेला बसून इमानदारीनं वही लिहीत होते आणि मला स्वतःची किळस येत होती.

घरी आल्यावर मी जुनी पानं काढली. एकेक सामना आठवून, जिथे घोटा तिनं धरला होता तिथे लाल पेनानं खूण केली. चार सामन्यांत चौदा खुणा झाल्या. मी रडले. सुट्टीच्या दिवशी वही पिशवीत घालून बार्शीटाकळीची बस पकडली.

वडिलांच्या शिलाईच्या दुकानात ती मशीनवर बसली होती. शाळेच्या गणवेशांना काज करत होती. वडिलांनी मला खुर्ची दिली, चहा सांगायला बाहेर गेले. मी वही तिच्यासमोर ठेवली. म्हणाले, "माझं चुकलं. मी सरांशी बोलले, पुढच्या वर्षी—"

"पुढच्या वर्षी नाही जमणार, मॅडम. वैशाखात लग्न आहे."

तिनं पानं उलटली. लाल खुणांवरून बोट फिरवत गेली आणि एका खुणेवर थांबली. "हे माही नोहे. हे उजव्या कोपऱ्यातलीची होती. मी नंतर पोचली."

मशीनवरचा पेन घेऊन तिनं ती खूण खोडली. तेरा राहिल्या.

माझ्यानं राहवेना. मी विचारलं, "अगं, मग तू हात का वर करत नव्हतीस? एकदा तरी करायचास."

तिला प्रश्नच कळला नाही असं वाटलं. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर, तो असता तर बरं झालं असतं.

"कायले करू?" ती म्हणाली. "तुमी पाहूनच राह्यल्या होत्या ना."

वडील चहा घेऊन आले. तिनं वही मिटून माझ्या हातात दिली आणि पुढचा गणवेश मशीनखाली सरकवला.