गडग्याबाहेरचा खून

माघ शुद्ध दशमी, रविवार. सकाळी मतलई वारा, नऊच्या सुमारास पडला. दुपारी खारा सुटला. आकाश स्वच्छ.

त्या दिवसाच्या पानावर माझी नोंद अशी सुरू होते. मी घड्याळे दुरुस्त करतो. दमट हवेत घड्याळे मागे पडतात असे मला वाटे, म्हणून रोजनिशी धरली ती हवेसाठी. पण त्याच वर्षी आमच्या आळीच्या नाटकमंडळीने मला प्रॉम्प्टर केले. तेव्हापासून हवेला दोन ओळी, बाकीचे पान मंडळीला! नाटकवाल्यांचे किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. घरातल्या रिकाम्या डब्यांसारखे ते साठत जातात आणि टाकवत नाहीत. परवा वही चाळली तर एकाच नाटकाची पाने संपता संपेनात. रत्नागिरीत बोलपट यायच्या आधीचे ते नाटक. त्यात खून होता.

*

नाटक लिहिले बापूमास्तरांनी. ते शाळेत भूगोल शिकवत. देवादिकांची नाटके पुष्कळ झाली, आता आपल्या मातीतले काहीतरी हवे, असे त्यांनी मनाशी घेतले होते. गोष्ट साधी. दोन भाऊ, एक कलमांची बाग आणि वाटणीचा तंटा. थोरला धाकट्याला होडीतून खाडीत नेतो आणि पाण्यात दाबून मारतो.

धाकटा ठरला दामू, कापडाच्या दुकानातला. थोरला कोण, ह्यावर सगळे एकमेकांकडे बघू लागले, तेव्हा आबा उठले.

आबा कोर्टात नक्कल-कारकून. वीस वर्षे आमच्या मंडळीत बायकांचे पार्ट करत. असे करत की परगावचे लोक आत येऊन खात्री करून जात! गावात त्यांना पाठीमागे 'ताई' म्हणत, आणि तोंडावरसुद्धा. आता चाळिशी उलटली होती, केस मागे सरले होते, आवाज फाटला होता.

"हा पार्ट मला द्या," आबा म्हणाले. "लोक हसले, तर त्याच दिवशी तोंडाचा रंग पुसेन आणि पुन्हा लावणार नाही."

बापूमास्तर कळवळून म्हणाले, "आबा, अहो, तुम्ही झुरळ मारत नाही!"

"झुरळाशी माझा वाटणीचा तंटा नाही," आबा म्हणाले.

पार्ट त्यांना मिळाला.

*

आमच्याकडे देवळाच्या आवारात काहीही करायचे तर आधी देवाला कौल लावतात. गुरव पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

आम्ही सगळे हात जोडून उभे. गुरवाने खणखणीत आवाजात विचारले, "देवा, ही मंडळी तुझ्या आवारात सख्ख्या भावाचा खून करतायत. करू देत काय?"

डावी पडली. पुन्हा विचारले. पुन्हा डावी!

बापूमास्तर तडकले. "अहो, असं विचारल्यावर कुठला देव 'करा' म्हणेल?"

"मग काय देवाशी खोटं बोलू?" गुरव म्हणाला. "खून हाय ना त्यात?"

आबा कोर्टातले. ते शांतपणे म्हणाले, "हा हद्दीचा प्रश्न आहे. हद्द वेगळी करून विचारा."

गुरवाने विचारले, "आणि आवाराच्या बाहेर केला तर?"

वाक्य पुरे व्हायच्या आत उजवी कळी खाली!

तेव्हा ठरले ते असे. देवळाभोवती कमरेइतका जांभ्या दगडांचा गडगा, म्हणजे कुंपण, आहे. स्टेज गडग्याबाहेर, प्रेक्षक गडग्याच्या आत. बाहेर थेट खाडीचा वारा. तिथे एकही दिवा टिकेना, म्हणून नाटक तिसऱ्या प्रहरी, लख्ख उन्हात. बापूमास्तरांचा चेहरा उतरला. अंधारात कसलाही खून खपतो, उन्हात कसा खपायचा?

आबा म्हणाले, "बरं झालं. माझा चेहरा लोकांना नीट दिसेल."

*

होडी दिली राजिवड्याच्या हसनभाईंनी. त्यांचा जन्म गलबतांवर गेलेला. आबांनी वल्हे हातात घेतले मात्र, हसनभाई ओरडले, "ताई, होडी वल्हवताय की तांदूळ पाखडताय?"

मंडळी पोट धरधरून हसली. आबा हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून कोर्टात जायच्या आधी ते रोज खाडीवर. महिनाभर! तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. त्याचा परिणाम कोर्टातल्या अक्षरावर झाला. मोत्यासारख्या नकला एकदम वाकड्यातिकड्या.

साहेबांनी बोलावून विचारले, "हे काय?"

आबांनी खरे ते सांगितले. "साहेब, खुनाची तयारी चालू आहे."

साहेबांनी टाक खाली ठेवला तो दोन मिनिटे उचलला नाही, असे पट्टेवाला सांगत असे.

*

आबांची आणखी एक पंचाईत म्हणजे आवाज. वीस वर्षे तोंडातून साखर गाळलेली, आता दरडावायचे कसे? प्रॅक्टिसला ओरडले की कोणीतरी रुसल्यासारखे वाटे. शेवटी त्यांनी घरी बायकोला विचारले, "अगो, पुरुषाचा आवाज कुठून आणू?"

वहिनी चुलीपाशी होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आंघोळीचं पाणी तापलं नसलं की जो काढता, तोच काढा!"

त्या संध्याकाळी प्रॅक्टिसला दामू दोन पावले मागे सरकला.

*

एकदा दुकानात घड्याळ घ्यायला आले तेव्हा आबा बराच वेळ बसले. म्हणाले, "मास्तरांनी खुनानंतर मोठं भाषण दिलंय. 'अरेरे, हे माझ्या हातून काय घडले,' वगैरे. मला ते म्हणवत नाही."

"का?"

"इतकी वर्षं जबान्यांच्या नकला करतोय. खुनी माणूस खुनाबद्दल बोलतच नाही हो. म्हैस कुठं बांधली होती, भात कुणी वाढला, तेच सांगतो. लिहिताना माझाच हात थांबतो."

मी म्हटले, "मग मास्तरांना सांगा."

"सांगितलं. ते म्हणाले, लोक भाषणाला टाळ्या देतात."

मी चिमट्याने स्प्रिंग बसवत होतो. आबा माझ्या हाताकडे बघत म्हणाले, "टाळ्या मिळाल्या म्हणजे पटलं असं असतं काय?"

 तो प्रश्न त्या रात्री वहीत तसाच नोंदवून ठेवला आहे.

*

आणि मग तो रविवार. गडग्याच्या आत मुंगीला जागा नव्हती. मी स्टेजवर मांडलेल्या होडीमागे पुस्तक घेऊन उकिडवा बसलो होतो.

आबांनी पाऊल टाकले आणि मागून कोणीतरी ओरडले, "ताई आली रे!"

सगळे आवार हसले. बायका हसल्या, गुरव हसला, हसनभाईसुद्धा हसले. मला वाटले, संपले. वीस वर्षे रंग लावलेला माणूस आता तो पुसणार.

आबा थांबले. रागावले नाहीत की घाईने बोलले नाहीत. गडग्यापलीकडच्या लोकांकडे ते नुसते बघत राहिले, घरात शिरलेल्या परक्या माणसांकडे बघावे तसे. मग वळून होडीत बसले आणि वल्हवू लागले. हसणे कधी थांबले ते मला कळले नाही. वल्ह्याची कुरकुर ऐकू येऊ लागली तेव्हा लक्षात आले.

खुनाचा सीन आला. पाणी म्हणजे दोन निळी लुगडी, एका टोकाला बापूमास्तर, दुसऱ्या टोकाला हार्मोनियमवाला. दामूचे डोके लुगड्यांखाली गेले. आबांचे दोन्ही हात त्यावर. दामूने मनात वीस आकडे मोजून निपचित पडायचे होते. तो बाराव्यालाच पडला.

आता भाषण. मी हळूच सांगितले, "अरेरे, हे माझ्या हातून..." आबा गप्प. पुन्हा सांगितले. गप्प. तिसऱ्यांदा सांगितले तेव्हा त्यांनी धाकट्या भावाची पानाची चंची उचलली, सुपारी शोधली, तोंडात टाकली. चावली. मग कोणाशीच बोलत नसल्यासारखे म्हणाले, "म्हैस बांधायची राहिली."

आणि वल्हे खांद्यावर टाकून निघून गेले.

टाळी नाही. एकसुद्धा नाही! शेवटचे गाणे सुरू व्हायच्या आत लोक उठले आणि खाली माना घालून घरोघर गेले. गुरवाने देवळाचे दार ओढून घेतले, कडी घातली आणि मला म्हणाला, "बाहेर केला ते बरं झालं."

*

माघ शुद्ध एकादशी, सोमवार. मतलई वारा मंद. खाडी संथ.

आबांना बहिणीकडे खाडीपलीकडच्या पावसला जायचे होते. मलाही पलीकडे एक लंबकाचे घड्याळ बघायचे होते. दोघे भाट्याच्या तरीवर, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या उतारूंच्या होडीवर, निघालो. रात्रभर ते झोपले नसावेत.

"हसले नाहीत, हे खरं," वाटेत म्हणाले. "पण टाळी पण नाही. पटलं की नाही, हे आता कसं कळायचं? रंग ठेवू की पुसू?"

मी म्हटले, "मास्तरांना विचारू."

"मास्तर बोलत नाहीत माझ्याशी."

तर भरत आली होती. आत नऊ उतारू. पुढे एक कोळीण टोपली घेऊन, मध्ये सात गावकरी, सगळे काल गडग्याच्या आत बसलेले, मागे दामू, पलीकडच्या गिऱ्हाइकाचे कापडाचे गाठोडे मांडीवर घेऊन. मी चढून फळीवर बसलो. माझ्यामागून आबा चढले आणि म्हणाले, "सरका जरा."

कोळिणीने त्यांच्याकडे बघितले आणि टोपली उचलली. "मी फुडल्या खेपेला जाईन, बाबा."

ती उतरली. तिच्या शेजारचा उतरला. मग एकेक करून मधले सगळे, चिखलात पाय भरवत. तांडेल म्हणाला, "अरे, काय झालं काय?" 

आठ उतरले. आबा दामूकडे बघून म्हणाले, "दामू, बस की रे नीट."

दामूने गाठोडे डोक्यावर घेतले आणि उतरला.

तर सुटली. तीत तिघे होतो. तांडेल, आबा आणि मी.